गेटवर हेल्मेट: इंदूरच्या एका सोसायटीत रविवारच्या सभेआधी ग्रुपवर झालेली चर्चा

सचिव (ए-१०२): नमस्कार मंडळी. रविवारच्या सभेत एक ठराव मांडायचा आहे, त्याआधी इथे सगळ्यांचं म्हणणं कळलं तर बरं. आपल्या गेटमधून बाहेर पडणाऱ्या दुचाकीवर चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवं. चार वर्षांवरच्या मुलांनाही, कारण कायदाच तसा आहे. नसेल तर वॉचमन गाडी थांबवून सांगेल. दंड वगैरे काही नाही.

बी-२०१ काका: बायपासला किंवा उज्जैनला जाणाऱ्यांना सांगा, ते पटतं. पण सुदामा नगरात भाजी आणायला जायचं, त्याला कशाला हेल्मेट? राजवाड्याच्या गर्दीत तर गाडी वीसच्या वर जातच नाही.

सी-३०४ सिस्टर: काका, तुमचा मान राखून बोलते. अपघात विभागात माझी बरीच वर्षं गेली. तिथे आणलेले कितीतरी जण घरातून "इथंच जाऊन येतो" म्हणून निघालेले असतात. डोकं फुटायला फार वेग लागत नाही हो. वाळूवरून चाक घसरलं, माणूस आडवा झाला, की डोकं थेट रस्त्यावर. आणि कधीकधी बाहेरून खरचटलेलंही नसतं. पेशंट उठून बसतो, बोलतो, "मला काही झालं नाही, घरी जाऊ द्या" म्हणतो. आत कवटीखाली रक्त साचत असतं. काही तासांनी गुंगी येते, उलट्या होतात, एका डोळ्यातली बाहुली मोठी दिसायला लागते, आणि मग धावाधाव. विषय सोडून आहे, पण सांगतेच: पडल्यावर कुणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर "जरा झोप, बरं वाटेल" असं म्हणू नका. लगेच दवाखान्यात न्या, डॉक्टरांना सीटी स्कॅनचं विचारा.

ए-३०१ आजोबा: मी आकडे काढून ठेवले आहेत. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल, साल २०२३: अपघात ४,८०,५८३, मृत्यू १,७२,८९०, जखमी ४,६२,८२५. तासाला वीस माणसं गेली. आदल्या वर्षी मृत्यू १,६८,४९१ होते. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे आकडा खाली आला होता, त्यानंतर दरवर्षी चढताच आहे. मेलेल्यांत जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे.

२०२२ मध्ये हेल्मेट नसताना ५०,०२९ जण गेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले. आपल्याकडे मागे कोण बसतं ते बघा: बायको, आई, शाळेतलं पोर.

डी-१०३ दादा: आणि त्याच वर्षी दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत दिल्लीखालोखाल सर्वांत जास्त अपघात इंदूरला झाले. ४,६८०. स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर घेणाऱ्या शहराला हे शोभत नाही. कचरा नुसत्या पोस्टरांनी उचलला गेला नाही. रोज सकाळी दारात गाडी आली, ओला-सुका वेगळा नसेल तर परत केला, तेव्हा सवय लागली. हेल्मेटचंही गेटवरच रोज विचारलं तर लागेल.

बी-२०१ काका: १ ऑगस्ट २०२५ पासून कलेक्टरांनी "हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही" केलंच होतं ना? लोक पंपावर दुसऱ्याचं हेल्मेट मागून घालायचे, पेट्रोल भरलं की परत द्यायचे. मीही पाहिलंय. सक्तीने असंच होतं.

सी-१०१ इंजिनिअर काका: रस्त्याच्या कामात आयुष्य काढलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हेल्मेट हवंच, त्यात दुमत नाही. पण सगळा भार चालवणाऱ्याच्या डोक्यावर टाकू नका. अहवालात लिहिलंय की २०२२ मधले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाने झाले. ही माहिती येते कुठून? पोलिसांच्या नोंदीतून. अपघात झाला की चालकावर गुन्हा दाखल होतो, "भरधाव आणि निष्काळजीपणे" हे शब्द कागदावर येतात. वळणावर उतार चुकला होता का, दुभाजक अंधारात दिसत होता का, खड्डा होता का, हे बघायला जागेवर इंजिनिअर क्वचितच जातो. म्हणून रस्त्याचा दोष आकड्यांत फारसा दिसत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण गणेश घाटाचं. राऊ-खलघाट महामार्गावरचा तो उतार आठवतो ना? वर्षानुवर्षं तिथे ट्रकांचे ब्रेक फेल व्हायचे, गाड्या एकमेकींवर आदळायच्या, पेटायच्या. पाट्या लागल्या, पोलीस उभे राहिले, तरी माणसं मरत राहिली. शेवटी वेगळा रस्ता काढला आणि २०२४ च्या अखेरीस तो सुरू झाला. ड्रायव्हर तेच, ट्रक तेच, बदलला तो रस्ता. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-ए आलं: रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं वा अपंग झालं, तर ठेकेदाराला, जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. हे कलम किती जणांना माहीत आहे?

आता आपल्या दाराकडे या. गेटसमोर आपण वर्गणी काढून ब्रेकर टाकून घेतला. तो आखूड आणि टोकदार आहे, वर पांढरे पट्टे नाहीत. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो साधारण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाई दिलेला असायला हवा. आपला रात्री दिसत नाही. अनोळखी स्कूटरवाला त्यावरून उडेल. तो आधी काढा.

डी-१०३ दादा: काका, आणि मेडिकलपाशी दुभाजकात कट नाही म्हणून सगळे राँग साइडने येतात, त्याचं?

सी-१०१ इंजिनिअर काका: तेच सांगणार होतो. यू-टर्न लांब आहे म्हणून अख्खी सोसायटी उलटी येते. त्यात माणसांची चूक आहेच, पण आखणारा तिथे राहणाऱ्यांना न विचारता रेघ मारून गेला, हेही खरं. नगर निगम आणि ट्रॅफिक पोलिसांना लेखी अर्ज देऊ, फोटो जोडू. मी मसुदा करून देतो.

सी-३०४ सिस्टर: आजोबा, जखमींचा आकडा मला फार कमी वाटतो. आपल्याकडे एका मृत्यूमागे तीनसुद्धा जखमी दिसत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना जगभरात वर्षाला ११.९ लाख मृत्यू आणि दोन ते पाच कोटी जखमी सांगते, म्हणजे एकामागे निदान पंधरा-सोळा. पाय मोडून घरी गेलेला माणूस पोलिसांकडे जात नाही, म्हणून तो कशातच येत नाही. त्याचं काम सुटतं, बायको शेजारी पोळ्या लाटायला जाते, मुलाची फी थकते. मृत्यूचा आकडा ऐकून लोक हळहळतात, पण अशी घरं कुठल्याच अहवालात दिसत नाहीत.

बी-४०४ वहिनी: मी एक विचारू? माझा मुलगा सोळाचा आहे. कोचिंग भंवरकुआंला, सिटी बसने उशीर होतो म्हणून कधीकधी ह्यांची स्कूटर नेतो. हेल्मेट घालतोच. तरी मनात धाकधूक असते.

ए-३०१ आजोबा: वहिनी, नका देऊ. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि तशी स्कूटर आता बाजारात मिळत नाही. घरची स्कूटर ११०-१२५ सीसीची. चालवताना नुसता पकडला गेला तरी कलम १९९-ए खाली पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. पण कायद्यापेक्षा मला त्या पोराची काळजी वाटते. आपल्याच कॉलनीतली चार-पाच मुलं त्या बाजूला जातात. मिळून व्हॅन ठरवा. मी स्वतः बोलतो व्हॅनवाल्याशी.

बी-४०४ वहिनी: आजोबा, आज संध्याकाळी बाकीच्या आयांना घेऊन येते तुमच्याकडे.

सचिव (ए-१०२): आणखी एक. कुणाला रस्त्यात पडलेलं पाहिलं तर थांबा. दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, कलम १३४-ए. गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला राहवीर योजनेत २५,००० रुपये आहेत. मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस देण्याची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. १०८ आणि ११२ दोन्ही नंबर वॉचमनच्या केबिनवर मोठ्या अक्षरांत लावतो.

बी-२०१ काका: माझं म्हणणं रविवारी मांडेन, सक्ती मला अजून पटलेली नाही. पण नातू रोज माझ्यापुढे उभा राहून शाळेत येतो. त्याच्यासाठी कसलं हेल्मेट घ्यायचं?

सी-३०४ सिस्टर: पुढे उभं करू नका काका, ब्रेक दाबला की तोंड हँडलवर आपटतं. मागे बसवा. शिंप्याचा टेप घ्या, भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून डोक्यामागे सगळ्यांत फुगीर भागावरून फिरवा. जो घेर येईल तो दुकानात सांगा. आयएसआय आणि आयएस ४१५१ हे शिक्के बघूनच घ्या, रस्त्याकडेचं टोपीसारखं नको. "वाढतं वय आहे" म्हणून मोठं घेऊ नका. पट्टा लावून मान जोरात हलवायला सांगा, हेल्मेट जागचं हललं तर साइज चुकला.

बी-२०१ काका: घेर ५१ सेंटिमीटर आला. ऐकत नव्हता, आजीने धरून ठेवला.

सी-३०४ सिस्टर: छान. त्याला दुकानात बरोबर घेऊन जा, रंग त्यालाच निवडू द्या. आणि हनुवटीखाली पट्टा आणि गळा यांच्यात दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा.