थोरोंग ला: मनांगचा मुक्काम कापू नका
नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिक्रमेच्या ट्रेकमध्ये मनांग गावी एकच रात्र काढली तर चालेल का, असं एकाने विचारलंय. कृपया असं करू नका! मनांग सुमारे ३,५०० मीटरवर, पुढची थोरोंग ला खिंड ५,४१६ मीटरवर. विरळ हवेची सवय व्हायला मनांगला दोन रात्री हव्यातच, आणि मधल्या दिवशी पडून न राहता गंगापूर्णा तलावाच्या वरच्या बाजूला चढून झोपायला खाली या. पुढचे मुक्काम याक खर्का, मग खिंडीखालचं थोरोंग फेदी. खिंडीसाठी पहाटे चार-पाचला निघा. उशीर झाला की माथ्यावर वारा फार वाढतो. मुक्तिनाथकडची उतरण जवळजवळ १,६०० मीटरची, गुडघ्यांची खरी परीक्षा तिथेच, म्हणून दोन काठ्या घ्या. डोकेदुखीसोबत उलट्या होऊ लागल्या किंवा तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी सोबत घेऊन खाली उतरा. उंचीच्या त्रासावरची गोळी घेऊन तसंच वर चढणं जिवावर बेतू शकतं.