बिनव्याजी हप्ता आणि खारा वारा

बिनव्याजी हप्त्यावर (‘नो-कॉस्ट ईएमआय’वर) सायकल घ्यावी का, या चर्चेत कुणीतरी म्हटलं, ‘व्याजच नाही, तर पैसे बँकेत राहू देत नि सायकल हप्त्यावर घ्या’. हे म्हणणं अर्धंच पटलं. व्याज असतंच, विक्रेता तेवढी सूट देऊन ते झाकतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपल्या क्रेडिट कार्डावर पडतो. ६० हजारांची रोड बाइक (वेगाची सायकल), १२ हप्ते, दर १५ टक्के धरला तर व्याज ४,६०० च्या आसपास, म्हणजे जीएसटी सव्वाआठशे. वर प्रोसेसिंग फी. माझ्या दुकानदाराने ‘एक रुपया जास्त नाही’ असं छातीठोक सांगितलं होतं!

आणि खाऱ्या वाऱ्याचं कुणीच बोललं नाही. मी रत्नागिरीत रोज भाट्याच्या खाडीपुलावरून जातो. चौथा हप्ता गेला तोवर चेन तांबडी पडलेली, गिअरची केबल आत अडकायला लागलेली. हप्ते आठ बाकी आणि पहिली चेन भंगारात. आता घरी आलो की आधी गोडं पाणी, मग फडकं, मग तेल, चहा नंतर.