उत्तर: ऐकायचं कानात, बोलायचं फोनच्या माईकवर

एकाने विचारलंय की ब्लूटूथ बड्सवर गाणी झकास वाजतात, पण कॉल घेतला की आवाज एकदम डबा होतो. बड्स खराब नाहीत हो! गाण्यांचा प्रवाह एकेरी असतो, म्हणून दर्जा चांगला. माईक चालू झाला की फोन कॉलच्या दुहेरी जोडणीवर जातो आणि तिथे आवाजाची फ्रीक्वेन्सी बरीच छाटली जाते.

अँड्रॉइडवर ब्लूटूथमध्ये त्या बड्सच्या नावापुढचं गिअर दाबा आणि 'कॉल' बंद, 'मीडिया' चालू ठेवा. गाणी कानात, कॉल फोनवर. पण मग समोरच्याचा आवाजही फोनमधूनच येतो, हे लक्षात घ्या.

समोरच्याचा आवाज कानात आणि बोलणं फोनच्या माईकवर, असं दोन्ही साधायचं तर सरळ वायरचा हेडफोन. पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घेताना पिन नीट बघा: तीन काळे पट्टे म्हणजे माईकवाला, दोन म्हणजे बिनमाईकचा. आपल्याला दोनवाला हवा. तो लावला की फोन स्वतःचाच माईक वापरतो. गोल पिनचा जॅक नसलेल्या फोनला टाइप-सी कनेक्टर लागेल, तो मात्र दुकानातच लावून, एक कॉल करून बघा.

आयफोनवाल्यांनी सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच, 'कॉल ऑडिओ राउटिंग' (कॉलचा आवाज कुठे जावा ते ठरवणारी सेटिंग) पाहावं.