ओपन सोर्स टूलचं डॉक्युमेंटेशन नव्याने लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

खाडीपूल (प्रश्न):
ठाणे-नवी मुंबईतली काही मंडळी मिळून एक छोटं पायथन टूल सांभाळतो. बसचं एक्सेलमधलं वेळापत्रक घेऊन ते जीटीएफएस (सार्वजनिक वाहतुकीच्या वेळापत्रकांचं ठरलेलं स्वरूप) फाइली बनवतं, म्हणजे नकाशाच्या अ‍ॅपना त्या वाचता येतात. कोड नीट चालतो. डॉक्युमेंटेशन मात्र गिटहबच्या विकीवर विखुरलेलं आहे, थोडं मराठी, थोडं इंग्रजी, बरंचसं जुन्या आवृत्तीचं. नवे लोक तिथेच अडतात: इन्स्टॉल होत नाही, थांब्यांच्या मराठी नावांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात, व्हॅलिडेटर, म्हणजे या फाइली तपासणारा प्रोग्राम, एरर देतो. शेजारी बसून दाखवलं की जमतं, वाचून जमत नाही. सगळं स्फिंक्सवर (डॉक्युमेंटेशनची पानं बनवणारं टूल) हलवावं का? आणि आधी मराठीत लिहावं की इंग्रजीत?

घणसोली_टर्मिनल:
स्फिंक्स नंतर. तुम्ही सांगितलेल्या तीन अडचणी म्हणजेच पहिली तीन पानं.

इन्स्टॉल: डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पुढे थेट पिप इन्स्टॉल केलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’ असा एरर येतो, कारण तिथला पायथन एपीटी, म्हणजे सिस्टिमचं पॅकेज मॅनेजर, सांभाळतं. लोक ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय लावून मोकळे होतात आणि पुढे वेगळंच काही मोडतं. म्हणून व्हेन्व्ह (टूलपुरतं वेगळं पायथन वातावरण) हाच एकमेव मार्ग लिहा. डेबियन-उबुंटूवर व्हेन्व्हचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, तेही पहिल्याच पायरीत. व्हेन्व्ह सुरू करायची कमांड विंडोजवर वेगळी असते, ती शेजारी द्या. शेवटी टूलची आवृत्ती विचारणारी कमांड आणि तिच्याखाली पडद्यावर काय उमटायला हवं ते. हे उत्तर छापलेलं नसेल तर वाचणाऱ्याला आपलं जमलं की नाही तेच कळत नाही.

भलती चिन्हं: याची कारणं दोन आहेत, ती एकत्र करू नका. यूटीएफ-८ मधली सीएसव्ही बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नसताना डबल क्लिक करून उघडली की एक्सेल तिचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, चुकीचं धरतं. त्यावर उपाय म्हणजे डेटा मेनूतून फाइल आयात करायची आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडायचं. दुसरं कारण तुमच्या कोडात असू शकतं. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग दिलं नाही तर पायथन सहसा सिस्टिमचं कोडपेज वापरतो. तसं असेल तर कोडच दुरुस्त करा. एका ओळीत सुटणाऱ्या गोष्टीवर पान लिहून वाचकाला राबवू नये.

व्हॅलिडेटर: ‘००७’ असा थांब्याचा आयडी एक्सेलमध्ये ‘७’ होतो. स्टॉप टाइम्स फाइलमध्ये तो ००७ च राहतो, जोडणी तुटते आणि फॉरेन की व्हायोलेशन, म्हणजे ‘या आयडीचा थांबाच नाही’ अशा अर्थाचा एरर, येतं. आयात करतानाच तो रकाना टेक्स्ट करायला सांगा.

मासुंदा_कडेला:
वरच्याला जोडून. एररचा मजकूर जसाच्या तसा, एक अक्षरही न बदलता, मथळा म्हणून द्या. माणूस एरर कॉपी करून शोधतो. ‘इन्स्टॉलेशनमधल्या अडचणी’ असा मथळा त्याला सापडणार नाही. एररचे स्क्रीनशॉटही नकोत, त्यातला मजकूर ना शोधता येतो ना कॉपी करता येतो.

नमुना डेटा आपल्याकडचाच घ्या: ठाणे स्टेशन, तीन हात नाका, माजिवडा, कापूरबावडी. इथल्या माणसाला हा क्रम पाठ असतो, त्यामुळे उत्तर चुकलं की त्याला लगेच दिसतं. एक फेरी मध्यरात्रीनंतरची ठेवा. जीटीएफएसमध्ये वेळ त्या सेवेच्या दिवसापासून मोजतात, म्हणून रात्री १२:२० ला २४:२०:०० लिहावं लागतं. नवे लोक ००:२० लिहितात आणि गाडी पोहोचण्याची वेळ निघण्याच्या आधीची होते.

अक्षांश-रेखांशाचा इशारा ठळक टाका. ठाणे साधारण १९.२ उत्तर, ७२.९७ पूर्व. रकाने अदलाबदल झाले तरी ७२.९७ हा आकडा अक्षांशाच्या ९० च्या मर्यादेत बसतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून चूक पकडली जात नाही. थांबा जाऊन पडतो नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

खाडीपूल:
खूप उपयोगी. विकी सोडली तर जुना इतिहास जाईल का? आणि मराठीचं काय?

घणसोली_टर्मिनल:
नाही जात. गिटहबची विकी स्वतः एक वेगळी गिट रेपो असते, ती क्लोन करून इतिहासासकट आणता येते. पण आणाच. विकी कोडच्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासून घेण्यासाठी पाठवलेली विनंती) येत नाही, म्हणून पर्यायाचं नाव कोडात बदललं तरी पान जुनंच राहतं. डॉक्स फोल्डर कोडशेजारी असला की रिव्ह्यू करणाऱ्याला ‘पान कुठे बदललंय?’ असं विचारता येतं. जुनी विकी पानं पुसू नका, प्रत्येकावर नव्या पानाची लिंक ठेवा.

पामबीच_पायथन:
मराठीबद्दल: मूळ एकाच भाषेत ठेवा, दुसरी गेटटेक्स्टच्या पीओ फाइलींतून, म्हणजे मूळ मजकूर आणि भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या फाइलींतून. इथे मी स्फिंक्सच्या बाजूने आहे, ही सोय त्यात आधीपासून आहे. बाहेरचे लोक कोड पाठवत असतील तर मूळ इंग्रजी बरं. मात्र इन्स्टॉल आणि पहिली फाइल बनवण्याचं पान मराठीत पहिल्या दिवसापासून हवंच, त्यात तडजोड करू नका. पर्यायांची यादी सगळ्यात शेवटी.

एक खाचखळगा: मूळ परिच्छेदात नुसता स्वल्पविराम बदलला तरी पीओ फाइल अद्ययावत करताना त्या भाषांतरावर फझी (पुन्हा तपासायला हवं) अशी खूण पडते. स्फिंक्स अशी भाषांतरं आपणहून घेत नाही, तिथे गुपचूप इंग्रजी परत दिसतं. म्हणून रिलीजआधी फझी ओळी तपासा, आणि परिच्छेद छोटे ठेवा म्हणजे एका बदलाने कमी मजकूर पडेल.

सीआयमध्ये (बदल आला की आपोआप चालणाऱ्या तपासण्या) स्फिंक्सला कॅपिटल डब्ल्यूचा पर्याय द्या, वॉर्निंग आली की बिल्ड नापास होतं. नमुना डेटाही तिथेच चालवा. लिंकचेक (पानांतल्या लिंक चालतात का ते पाहणं) मात्र प्रत्येक पुल रिक्वेस्टला लावू नका. बाहेरची साइट तासभर बंद असली तर बिचाऱ्या नव्या माणसाचा बदल उगाच अडतो. आठवड्यातून एकदा पुरे.

शेजारी बसून शिकवता ना, तसंच बसा, पण बोलू नका. समोर कोरं व्हर्च्युअल मशीन आणि फक्त लिहिलेलं पान. त्याने पान सोडून गूगल उघडलं की ती ओळ टिपून ठेवा, दुरुस्ती तिच्या आधीच्या ओळीत लागते. पुढच्या वेळी दुसरा माणूस घ्या, पहिल्याला आता रस्ता माहीत झालेला असतो.