मदत हवी आहे: फ्रान्झ सेलमध्ये डुकराच्या कानाच्या त्वचेचे आकडे जुळत नाहीत

एम.फार्म.च्या प्रकल्पासाठी जेलमधील डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्वचेतून किती वेगाने पार होते, हे मी फ्रान्झ डिफ्युजन सेलमध्ये (दोन कप्प्यांच्या मध्ये त्वचा बसवून तिच्यातून खाली उतरणारे औषध मोजण्याचे उपकरण) मोजत आहे. त्वचेचा पृष्ठभाग ३२ अंश सेल्सिअसला ठेवला असून खालच्या कप्प्यात ७.४ पीएचचे फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) आहे. नमुना काढल्यावर तेवढेच ताजे बफर भरते आणि त्वचेखाली हवेचा बुडबुडा अडकला नाही ना, हेही पाहते. कृत्रिम पडद्यावर आकडे नीट जुळतात, परंतु डुकराच्या कानाच्या त्वचेवर त्याच जेलचा वेग सेलगणिक फार बदलतो. जाडी आणि केसांची मुळे सगळीकडे सारखी नसल्याने थोडा फरक अपेक्षितच आहे, इतका मात्र खचित नाही. त्वचा अखंड असल्याची खात्री विद्युतरोध मोजून करावी की तिच्यातून उडणाऱ्या पाण्यावरून, आणि डर्माटोमने (त्वचेचा पातळ थर कापणाऱ्या उपकरणाने) ती किती जाडीची कापावी, याविषयी अनुभवी व्यक्तींनी कृपया मार्गदर्शन करावे.