डिझेलचा धूर, अंड्याचं प्रोटीन आणि उंदीर
कुणीतरी म्हटलंय की एखादा रासायनिक पदार्थ एलएलएनए (लोकल लिम्फ नोड अ‍ॅसे) या उंदरांवरच्या टेस्टमध्ये पास झाला म्हणजे त्याने अ‍ॅलर्जी वाढणार नाही, पण तसं नाहीये हो. त्या टेस्टमध्ये उंदराच्या कानावर तीन दिवस पदार्थ लावतात नि जवळच्या लिम्फ नोडमधल्या, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या गाठीतल्या, पेशी किती वाढल्या ते बघतात, म्हणजे खुद्द त्या पदार्थाची त्वचेला अ‍ॅलर्जी जडते का एवढंच कळतं. दुसऱ्याच कशाची अ‍ॅलर्जी तो भडकवतो का, हा प्रश्न वेगळा.

जपानमधला 1986 चा प्रयोग बघा. उंदरांना ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रोटीन, पोटात टोचलं, काहींना नुसतंच आणि काहींना डिझेलच्या धुराचे कण मिसळून, तर कणवाल्यांच्या रक्तात आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत भाग घेणारी अँटिबॉडी, जास्त निघाली. नुसतं प्रोटीन दिलेला ग्रुप नसता तर त्या आकड्याला अर्थच नव्हता, म्हणून कुठलाही पेपर हातात आला की मी आधी कंट्रोल ग्रुप शोधतो. आता धूर काय आपण पोटात टोचून घेत नाही, नाकानेच घेतो, त्यामुळे नंतर नाकात थेंब टाकून केलेले प्रयोग मला जास्त पटतात, आणि तिथेही आयजीई वाढलंच.