शब्दचर्चा : मॅटप्लॉटलिबमधल्या 'ॲक्सेस'ला काय म्हणावं?

प्रश्न : मॅटप्लॉटलिबवर (पायथॉनमध्ये आलेख काढायची लायब्ररी) मराठीत टिपणं लिहितोय. एका आकृतीत अनेक आलेख मांडणाऱ्या 'सबप्लॉट्स' या फंक्शनला २ ओळी, २ स्तंभ सांगितले की फिगर आणि ॲक्सेस हाती येतात. फिगरला 'आकृती' केलं. ॲक्सेसला 'अक्ष' चालेल?

— नको. ॲक्सेस दिसतं अनेकवचनी, पण इथे ती एकच वस्तू, म्हणजे आकृतीतला एक आलेख. शीर्षक, रेघा, लेजंड (कोणती रेघ कशाची ते सांगणारी सूची), दोन्ही ॲक्सिस, सगळं तिच्या पोटात. शाळेतले क्ष-अक्ष, य-अक्ष म्हणजे ते ॲक्सिस. 'अक्षाला शीर्षक द्या' असं लिहिलंत तर वाचणारा य-अक्षाचं लेबल बदलून बसेल.

— इंग्रजीतही हा घोळ आहेच. म्हणून त्यांच्या दस्तऐवजांत एका ॲक्सेसला 'एएक्स' आणि अनेकांच्या संचाला 'एएक्सएस' अशी नावं सुचवली आहेत.

— मग सरळ 'पॅनेल' म्हणा की! शोधनिबंधांत तेच चालतं.

— आमच्याकडे पॅनेल म्हटलं की साखर कारखान्याची निवडणूक. 'चौकट' कशी?

— चौकट कडेच्या चार रेघांसाठी राखून ठेवा. त्यांना तिथे 'स्पाइन्स' हे वेगळं नाव आहे आणि वरची-उजवीकडची रेघ लपवताना तो शब्द लागतोच. माझं मत 'खण'. दोन खणी घर म्हणतो ना, तसं चार खणी आकृती. (खणाचं कापड आठवेल, आठवू द्या.)

— खण पटला. मग 'शेअर-वाय' म्हणजे समाईक य-अक्ष. पण जपून वापरा. महाबळेश्वर आणि सोलापूरचा पाऊस शेजारच्या खणांत काढून य-अक्ष समाईक केला, तर सोलापूरचे स्तंभ तळाशी चिकटतात. तुलना कोसळण्याच्या प्रमाणाची असेल तर ते योग्यच, महिन्यांच्या चढउताराची असेल तर क्ष तेवढा समाईक ठेवा.

— मोजणीचंही टिपणात लिहा. जुन्या 'सबप्लॉट'मध्ये खण मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरसारखे १ पासून मोजतात, 'सबप्लॉट्स'च्या संचात ० पासून. नवखे तिथेच अडखळतात.

— आकड्यांपेक्षा अक्षरांनी खण मांडणारं 'सबप्लॉट-मोझेक' बरं (आवृत्ती ३.३ पासून). 'अअ;बक' लिहिलं की वरचा खण दोन स्तंभभर पसरतो, खाली ब आणि क. देवनागरी चालते. फक्त काना-मात्रा नको, 'का' लिहिलंत तर पायथॉन ती दोन चिन्हं मोजतो आणि ओळींची लांबी जुळत नाही.